मास्तरांची क्रियापदं

उद्धवराव मास्तरांना ओळखत नाही असा माणूस दापोडीत भेटला, तर तो आदल्या आठवड्यातच राहायला आलाय असं खुशाल समजावं. रेल्वेलाईनीच्या कडेच्या चाळींतून जी पोरं शिकली आणि पुढे पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांत चिकटली, त्यांतली बहुतेक मास्तरांच्या हाताखालून गेलेली. पहिल्या पाळीला निघालेला एखादा फिटर, समोरून मास्तर आले की सायकलवरून पाय खाली टेकायचा, आणि ते पुढे गेल्याशिवाय पॅडल मारायचा नाही.

मास्तरांचा विषय इंग्रजी. शिकवायची त्यांची रीत एकच होती. टेबलावर पट्टी आपटून ते ठेका धरायचे आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "आय वॉक, आय वॉक्ट, आय शॅल वॉक." वर्तमान, भूत, भविष्य. मग पुढचं क्रियापद. 'वॉक्ट'मध्ये शेवटी ट ऐकू आला पाहिजे, 'कॉल्ड'मध्ये ड, आणि 'वॉन्टेड'मध्ये इड. त्यात चूक झाली की पट्टी टेबलावरून उचलली जायची. "नियमित क्रियापद म्हणजे सज्जन माणूस," ते सांगायचे. "काल जसा वागला तसाच आज वागणार. आधी ह्यांच्याशी ओळख करून घ्या, लबाडांकडे नंतर बघू." लबाड म्हणजे अनियमित.

संध्याकाळी घरी शिकवणीची पोरं यायची. बाहेरच्या खोलीत तोच गजर चालायचा आणि आत सावित्रीबाई भाकरी थापायच्या. त्या चाकणच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या, मराठी चौथी शिकलेल्या. इतकी वर्षं ते शब्द त्यांच्या कानांवर पडत होते, पण स्टोव्हच्या आवाजाकडे जसं कुणी कान देऊन बसत नाही, तसं त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं. लग्न नवं असताना एकदा त्यांनी "मला पण शिकवा की," म्हटलं होतं. मास्तर हसून म्हणाले, "तुला काय करायचंय?" आणि खरंच, तेव्हा त्यांना काही करायचं नव्हतं.

सत्याहत्तर सालच्या हिवाळ्यात, एका सकाळी, शाळेला जाताना मास्तर हमरस्त्यावरच्या चांदभाईंच्या सायकल दुकानाशी थांबले. मागच्या चाकात हवा कमी होती. चांदभाई पंप मारत होते आणि मास्तर हॅंडल धरून उभे होते. बोलता बोलता मास्तरांचा शब्द अडखळला. चांदभाईंनी वर पाहिलं, तर मास्तर सायकलीसकट हळूहळू एका बाजूला कलत होते, आणि तोंडाचा उजवा कोपरा ओघळल्यासारखा खाली आला होता. चांदभाईंनी पंप टाकला, रस्त्यात आडवं उभं राहून एक टेंपो थांबवला, मास्तरांना उचलून आत घातलं आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्याकडे नेलं. निरोप द्यायला त्यांची मुलगी सलिमा धावत आली. सलिमा मास्तरांचीच विद्यार्थिनी. मॅट्रिक झालेली, आता घरी शिवणकाम करणारी.

"काकू, चला," एवढंच ती म्हणाली. सावित्रीबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि तशाच निघाल्या.

जीव वाचला. पाय बराचसा परत आला. काठी धरून, ओढत का होईना, मास्तर चालू लागले. उजवा हात गेला तो गेलाच. आणि वाचा गेली. दवाखान्यातला तरुण डॉक्टर मनानं चांगला होता. त्यानं सयाजीला, मास्तरांच्या एकुलत्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं की मेंदूतला बोलण्याचा भाग दुखावला आहे. ऐकलेलं कळत असेल, कदाचित नसेलही. सयाजी चिंचवडच्या एका कंपनीत मशिनशॉपमध्ये चार्जहँड, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता, आणि बायकोबरोबर तिकडंच राहायचा. त्याला बिघडलेल्या यंत्राची सवय होती, पण हे ऐकून तो व्हरांड्यातल्या बाकावर बराच वेळ बसून राहिला.

घरी आल्यावर खरा त्रास सुरू झाला. मास्तर तोंड उघडायचे आणि आतून फक्त "ब, ब" असा आवाज यायचा. सावित्रीबाई अंदाज करायच्या. पाणी? मान हलायची, पण हो की नाही ते कळायचं नाही. पांघरूण? खिडकी लावू? मास्तरांचे डोळे मोठे व्हायचे, डावा हात खाटेवर आपटायचा. एकदा त्यांनी आमटीची वाटी भिरकावली. सावित्रीबाईंनी भिंत पुसली आणि त्यांच्याकडे पाठ करूनच त्या रडल्या. ज्या माणसाच्या आवाजानं अख्खा वर्ग गप्प बसायचा, त्याला आता हवं काय ते घरच्या बायकोलाही कळेना.

सलिमा दुपारची येऊन बसायची. शिवायचे कपडे बरोबर आणायची, हुक-काज करता करता मास्तरांना इकडचं तिकडचं सांगायची. सावित्रीबाईंना तेवढाच विसावा. असंच एकदा, काही विषय उरला नाही म्हणून असेल, सुई ओवता ओवता ती सहज म्हणाली, "आठवतंय का सर, आम्हाला किती घोकायला लावायचात? आय वॉक..."

"आय वॉक्ट. आय शॅल वॉक."

आवाज मास्तरांचा होता. वर्गातला, खणखणीत. 'वॉक्ट'मधला ट सुद्धा जिथल्या तिथं. सावित्रीबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. सलिमाच्या मांडीवरचं कापड खाली पडलं होतं.

"परत म्हण गं," सावित्रीबाई म्हणाल्या.

"आय कॉल..."

"आय कॉल्ड. आय शॅल कॉल." आणि मास्तर स्वतःच दचकून दोघींकडे पाहत राहिले.

त्या संध्याकाळी सयाजी आला तेव्हा त्यानंही करून पाहिलं. एक क्रियापद दिलं की पुढचं आपोआप यायचं.  रविवारी तो आईवडिलांना घेऊन डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं ऐकून घेतलं, चार शब्द स्वतः देऊन पाहिले आणि मान हलवली.

"पाठ केलेल्या गोष्टी मेंदूत निराळ्या जागी असतात," तो म्हणाला. "अशा रोग्यांना कधी कधी पाढे म्हणता येतात, वारांची नावं म्हणता येतात. पण ते बोलणं नव्हे, काकू. तबकडीवर सुई ठेवली की वाजते, तसं आहे ते. फार आशा धरू नका."

सयाजीनं ते मानलं.  परत येताना बसमध्ये सावित्रीबाई मास्तरांचा निर्जीव हात आपल्या मांडीवर धरून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सलिमा आल्या आल्या त्या म्हणाल्या, "मला शिकव."

"काय, काकू?"

"हेच. ह्यांची क्रियापदं. ते मराठीत येत न्हाईत तर मी तिकडं जाते."

मनाला फार लागलं की सावित्रीबाईंच्या तोंडी अशी माहेरची बोली यायची.

सलिमानं घरातले शब्द काढले. रोज लागणारे आधी, असं तिनं ठरवलं, आणि पहिल्याच दिवशी अडली. खाणं, पिणं, झोपणं, जाणं, देणं, घेणं: माणसाला घडीघडीला लागणारं जे म्हणून होतं ते सगळं इंग्रजीत लबाड निघालं, अनियमित. त्यांचा मास्तरांनी कधी गजर केला नव्हता, आणि आता त्यांतला एकही शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. मग दोघींनी आडवाटा शोधल्या. झोपण्याला 'रेस्ट'. खायला-प्यायला, काहीही हवं असलं तरी, 'वॉन्ट'. जायला 'वॉक'. आणि मग 'वॉश', 'कुक', 'कॉल', 'ओपन', 'क्लोज' अशी फौज. सावित्रीबाई भांडी घासताना पुटपुटायच्या, "आय वॉश, आय वॉश्ट, आय शॅल वॉश." आज, काल, उद्या. शेवटचा ट त्यांच्या जिभेला जड जायचा. मास्तर खाटेवरून ऐकायचे, आणि त्या चुकल्या की त्यांचा डावा हात हवेत पट्टी आपटल्यासारखा हलायचा.

पण डॉक्टर म्हणाला ते खोटंही नव्हतं. सावित्रीबाई सुरुवात करायच्या आणि मास्तर शेवटापर्यंत धावत सुटायचे. वॉन्ट म्हटलं तर वॉन्ट, रेस्ट म्हटलं तर रेस्ट. त्यात हो नव्हतं, नाही नव्हतं. सलिमाच्याही ते लक्षात आलं होतं, पण ती काकूंना तसं म्हणाली नाही.

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. सयाजी पाळीवर जायच्या आधी सकाळीच येऊन वडिलांना अंघोळ घालून गेला होता. सावित्रीबाई भाजी आणायला गेल्या होत्या, त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी घंगाळात पाणी काढलं आणि मास्तरांपुढे येऊन म्हणाल्या, "आय वॉश?"

"आय वॉश," मास्तर म्हणाले. "आय वॉश्ट."

आणि थांबले.

सावित्रीबाई तिसऱ्याची वाट पाहत उभ्या राहिल्या. तिसरं आलं नाही. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. उतारावर सुटलेली गाडी कुणी अंगाच्या जोरानं अडवून धरावी, तसे त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. त्यांनी डाव्या हातानं आपलं डोकं चाचपलं. केस ओले होते.

सावित्रीबाईंनी त्या ओल्या केसांना हात लावून पाहिला. "झाली व्हय अंघोळ?" त्या म्हणाल्या, आणि तिथंच जमिनीवर बसल्या.

तेव्हापासून घरात बोलणं सुरू झालं. शब्द सावित्रीबाईंनी द्यायचा, आणि मास्तर कुठं थांबतात ते पाहायचं. 'वॉन्ट'वर थांबले तर हवंय. 'वॉन्टेड'वर थांबले तर मघाशी हवं होतं, आता नको, तुला उशीर झाला. नुसतंच 'आय शॅल वॉक' आलं तर ऊन कलल्यावर फिरायला जाऊ. कधी साधायचं, कधी नाही. दमलेले असले की पुन्हा तीच तबकडी लागायची आणि ते शेवटापर्यंत वाहून जायचे. मग रागानं तोंड फिरवायचे. पण साधायचं तेव्हा सावित्रीबाईंना वाटायचं की लग्नाला इतकी वर्षं झाली, हे इतकं मन लावून आपल्याशी कधी बोलले नव्हते. सयाजीला त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "बरं वाटतंय ना तुला? मग झालं." म्हणजे त्याला पटलं नव्हतं.

मास्तरांची ही वार्ता दापोडीत पसरायला वेळ लागला नाही. वाटेत गाठून लोक एखादा शब्द द्यायचे, मास्तर म्हणून दाखवायचे, लोक हळहळून पुढे जायचे. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता.

दत्तोबा न्हाव्याच्या दुकानात मात्र वेगळंच घडलं. सावित्रीबाई मास्तरांना दाढीसाठी तिथं बसवून पीठगिरणीत गेल्या होत्या. सुट्टीचा दिवस, बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. त्यांत भैरू होता, मास्तरांचाच जुना विद्यार्थी, आता एका कंपनीच्या युनियनमध्ये पुढे पुढे करणारा. त्यानं आधी प्रेमानंच पाय शिवले. मग म्हणाला, "मास्तर, आय वर्क..." मास्तरांनी म्हटलं. दुकानातल्यांनी वाहवा केली. भैरूला चेव आला.

"आय डान्स!"

"आय डान्स्ट. आय शॅल डान्स."

पिकलेल्या मिशांचे मास्तर, अर्ध्या गालाला साबण लागलेला, आणि नाचण्याची भाषा. हशा उठला. मागून कुणीतरी अधिक चावट शब्द फेकला, "आय किस!" आणि मास्तर तेही म्हणाले. सगळं म्हणाले. थांबायचा प्रयत्न करत होते ते, खुर्चीचा हात घट्ट धरून, पण इतक्या तोंडांपुढे आणि इतक्या हसण्यापुढे ते अडवणं त्यांना जमेना. शब्द सुटत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. हसणारांना ते पाणी दिसलं नाही; साबण झोंबला असेल, असं वाटलं असेल.

सावित्रीबाई दारात आल्या त्या नेमक्या तेव्हा. पिठाचा डबा त्यांच्या कमरेवर होता.  दत्तोबानं वस्तरा खाली ठेवला आणि भैरूला म्हणाला, "ऊठ. माझ्या दुकानातनं चालता हो." भैरू उठला. त्याची मान खाली होती. "काकू, तसं नव्हतं मनात," तो म्हणाला. सावित्रीबाईंनी पदरानं मास्तरांच्या गालावरचा साबण पुसला, त्यांना उठवलं आणि घरी आणलं. सगळी वाट मास्तरांनी डावा हात तोंडावर दाबून धरला होता. काठी धरायला हात उरला नव्हता, म्हणून सगळा भार सावित्रीबाईंच्या खांद्यावर होता.

पुढे काही दिवस मास्तर बाहेर पडले नाहीत. खिडकीशीही बसेनात. सावित्रीबाईंनी मनाशी म्हटलं, विसरतील. गावातली पोरं आहेत, चुकली. ह्याच गावानं ह्यांना डोक्यावर घेतलंय. आणि त्यांनी तो विषय मागं टाकला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी सयाजी एका रविवारी सकाळीच आला. खुर्चीच्या कडेवर बसला, तेव्हाच सावित्रीबाईंनी ओळखलं की काहीतरी आहे.

"आई, माझी बदली झालीय. नाशिकला. कंपनी तिकडं नवा कारखाना टाकतेय. क्वार्टर मिळणार आहे, तळमजल्याची. दादांना जिना नको. तुम्ही दोघं चला."

"इथली खोली?"

"सोडून द्यायची."

 ह्या दोन खोल्यांत सावित्रीबाईंचा सगळा संसार झाला होता. सलिमा इथं होती. नळावरच्या बायका, गिरणीवाला, मंगळवारच्या बाजारातली भाजीवाली, सगळं इथं होतं. पण हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. "ह्यांना कसं न्यायचं?" त्या म्हणाल्या. "ह्यांना इथं कुत्रंमांजर ओळखतं. तिथं कोण आहे ह्यांचं?"

"आणि इथं काही झालं तर? मी तिकडं असणार."

"मग ह्यांनाच विचारू."

सयाजीनं सुस्कारा टाकला. "आई, तू जे सुरू करशील ते दादा म्हणतील."

"थांबतात ते. तू बघ तरी."

राहण्याला काय म्हणतात ते त्यांनी सलिमाकडून आधीच शिकून घेतलं होतं. बदलीची कुणकुण त्यांना सुनेकडून लागली होती, आणि उत्तर काय येणार याचीही त्यांना खात्री होती. त्या मास्तरांच्या खाटेपुढे खाली बसल्या, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सावकाश म्हणाल्या, "आय स्टे?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग सयाजीकडे पाहिलं. मग बराच वेळ दाराबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"आय स्टे," ते म्हणाले. आणि मग, "आय स्टेड."

ओठ मिटले.

सावित्रीबाई वाट पाहत राहिल्या. तिसरं यावं म्हणून त्यांनी स्वतःचे ओठही हलवले. मास्तरांच्या कपाळावर घाम चमकत होता, आणि ते त्यांच्याकडे सरळ पाहत होते.

"बघ," सयाजी हळूच म्हणाला. "आज तर त्यांच्यानं पूर्णही होत नाहीये. दमलेत." तो उठून उभा राहिला, टोपी हातात घेतली. आईचा चेहरा त्याला पाहवत नव्हता. "जाऊ दे आई. तुझी एवढी इच्छा असेल तर राहा इथंच. मी येत जाईन. चांदभाईंना सांगून ठेवतो लक्ष द्यायला."

म्हणजे झालंच होतं सावित्रीबाईंच्या मनासारखं. काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. त्या उठल्या, आत गेल्या, चहाचं आधण ठेवलं. स्टोव्हला पंप मारता मारता त्यांचा हात थांबला. मास्तर काय म्हणाले ते ह्या घरात एकट्या त्यांना कळलं होतं. आणि त्यांना कळलंय, हे मास्तरांना कळलं होतं.

त्या बाहेर आल्या.

"सयाजी, ते राहायचं म्हणत न्हाईत."

"काय?"

"राहून झालं म्हणाले ते. स्टेड. झालेलं. तिथं थांबले."

 सावित्रीबाई पुन्हा खाली बसल्या. हलणं, जागा बदलणं, ह्याचाही शब्द त्यांना सलिमानं दिला होता, पण तो वापरायची पाळी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.  "आय... मूव्ह?"

मास्तरांनी श्वास घेतला. पहिलं म्हणाले नाहीत. दुसरं म्हणाले नाहीत.

"आय शॅल मूव्ह."

सयाजी बापाकडे पाहतच राहिला. मग तो खाटेच्या कडेला बसला, मास्तरांचा निर्जीव हात त्यानं दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "दादा, तुम्हाला सगळं कळत होतं?"  असल्या प्रश्नाला मास्तरांकडे शब्द नव्हता.

सावित्रीबाईंनी खरं ते सांगितलं होतं, पण त्यांना राग आला होता. दुसऱ्या दिवशी त्या मास्तरांशी बोलल्या नाहीत, ना मराठीत ना इंग्रजीत. ताट पुढे ठेवलं, ताट उचललं. आपल्याला न विचारता ह्या माणसानं आपलं घर मोडलं, असं त्यांना वाटत होतं, आणि आजारी माणसावर रागावतोय ह्याचाही राग येत होता. दुपारी त्या भांडी आदळत होत्या तेव्हा काठीचा आवाज आला. मास्तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे होते. त्यांचं तोंड हलत होतं. आज कुणी शब्द दिला नव्हता. ते एकटेच शोधत होते. "आय" आला, तो त्यांनी मान हलवून मोडून काढला. पुन्हा आला, पुन्हा मोडला.

"दे," ते शेवटी म्हणाले. "दे लाफ्ट."

सावित्रीबाईंना काही समजलं नाही. हे त्यांच्या शिकवणीतलं नव्हतं. पण मास्तरांचा चेहरा पाहून त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "थांबा," त्या म्हणाल्या, "मी विचारून येते." आणि भर उन्हात त्या चांदभाईंच्या दुकानाकडे निघाल्या. ते दोन शब्द निसटू नयेत म्हणून वाटभर तोंडातल्या तोंडात घोळवत होत्या. वाटेत दत्तोबाचं दुकान लागलं. त्यानं हात जोडले, ते त्यांना दिसलं नाही.

दुकानाच्या मागं घर होतं. सलिमा मशिनवर बसली होती.

"दे लाफ्ट म्हणजे काय गं?"

सलिमाचा पाय मशिनवरून खाली आला. "कोण म्हणालं?"

"हे म्हणाले. आपले आपण म्हणाले."

 दुकानातून चांदभाई हात पुसत आत आले होते, तेही उभे राहिले.

"ते हसले, काकू," सलिमा म्हणाली. "लोक. ते लोक हसले."

सावित्रीबाई मशिनशेजारच्या स्टुलावर बसल्या. सलिमानं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. "मला वाटलं विसरले असतील," त्या म्हणाल्या.

"वहिनी," चांदभाई म्हणाले, "ज्या गावानं मास्तरांना ताठ चालताना पाहिलं ना, त्याच गावातनं त्यांना रोज असं चालावं लागतंय. त्यांना जाऊ द्या. आम्हाला काय, आम्ही येऊ नाशिकला." एवढं बोलून ते पुन्हा दुकानात गेले. पंक्चरला बसलेलं गिऱ्हाईक ताटकळत होतं.

घरी परतल्यावर सावित्रीबाईंनी मास्तरांच्या पायाशी बसून त्यांच्या पायाला तेल चोळलं.  संध्याकाळी त्यांनी माळ्यावरची ट्रंक काढली.

निघायच्या दिवशी सयाजीनं सामानाचा टेंपो पहाटेच आणवला होता, म्हणून निरोपाला गर्दी झाली नाही. सलिमानं मास्तरांच्या पाया पडून "सर, आय शॅल कॉल," म्हटलं. मास्तरांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. पुढं तिचं लग्न होऊन ती मिरजेला गेली. म्हटल्याप्रमाणे एकदा नाशिकला येऊनही गेली.

नाशिकची क्वार्टर नवी होती. भिंतींना चुन्याचा वास होता आणि ओळीनं सारखी घरं होती, त्यामुळे सुरुवातीला सावित्रीबाई दोनदा दुसऱ्याच दारात शिरल्या. मास्तरांची मराठी परत आली नाही. 'नको' तेवढं यायला लागलं. सावित्रीबाईंना ते ज्या 'अगं'नं हाक मारायचे ते काही आलं नाही. पण ते पुन्हा फिरायला जाऊ लागले. सकाळी काठी टेकत पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे आणि परत यायचे. वाटेत कुणी "काय बाबा, फिरून आलात?" म्हणायचं. मास्तर काठीसकट हात वर करायचे. त्यापेक्षा जास्त कुणी काही मागत नव्हतं. आजारी म्हातारा आहे, बोलता येत नाही, एवढंच लोकांना ठाऊक होतं, आणि ते लोकांना पुरेसं होतं.

सावित्रीबाईंना मात्र करमायचं नाही. दिवसभर घरात बोलायला मोजकी क्रियापदं, आणि बाहेर सगळे अनोळखी. शेजारी आक्काबाई म्हणून एक खानदेशी बाई होत्या, मोकळ्या स्वभावाच्या. एका सकाळी त्या निवडायची भाजी घेऊन आल्या आणि पायरीवर बसल्या. मास्तर फिरून येऊन पलीकडे खाटेवर उन्हाला बसले होते.

"बाबा पहिले काय करायचे हो?" आक्काबाईंनी विचारलं.

सावित्रीबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. काय सांगू आणि काय नको असं त्यांना झालं. निम्मी दापोडी ह्यांच्या हाताखालून गेली, सायकलवरून माणसं उतरायची, पट्टीचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू यायचा. सगळं ओठांवर आलं. त्यांनी खाटेकडे पाहिलं. मास्तर त्यांच्याकडेच पाहत होते, अगदी स्थिर.

"नोकरीत होते," त्या म्हणाल्या.

"कंपनीत?"

"तसंच काहीतरी."

आक्काबाईंचं तेवढ्यानं भागलं. त्या नळाला पाणी कधी येतं आणि कुठला दूधवाला पाणी घालत नाही ते सांगू लागल्या. सावित्रीबाई मेथी निवडत होत्या आणि ते सगळं लक्षात ठेवत होत्या.